पणजोबांची तिसरी बायको

माझ्या पणजोबांना बायका किती होत्या, यावर आमच्या घराण्यात कधीच एकमत झालं नाही. माझे वडील दोन म्हणत आणि पुढे विचारलं की वर्तमानपत्र तोंडासमोर धरत. आत्या तीन म्हणे. मनमाडला रेल्वेत असलेला चुलतभाऊ म्हणे, "ज्यांची पोरं जगली त्या बायका मोजायच्या. बाकीच्या प्रवासी." आणि गंगापूर रोडचे काका म्हणत, "तीन, आणि एक." हे 'आणि एक' ते अशा सुरात म्हणत, की ऐकणाऱ्याला वाटावं, पणजोबांनी तीन बायका केल्या आणि शिवाय दारात एक म्हैस बांधली.

ते 'आणि एक' म्हणजे आमची पणजी. माझ्या वडिलांची आणि आत्याची सख्खी आजी.

पणजोबा इंग्रजांच्या अमदानीत नाशिकच्या मामलेदार कचेरीत कारकून होते. त्यांचा एकच फोटो आमच्याकडे आहे. पगडी, उपरणं, आणि चेहरा असा, की फोटो काढणाऱ्याने नुकतंच काहीतरी खासगी विचारलंय आणि पणजोबांनी उत्तर द्यायचं नाही असं ठरवलंय. पुढे सहा महिने मी त्यांचा माग काढला तेव्हा कळलं, की हा त्यांचा कायमचा चेहरा असणार.

माग काढायची वेळ आली ती काकांमुळे. काका म्हणजे वडिलांचे सावत्र चुलतभाऊ, पणजोबांच्या पहिल्या बायकोच्या शाखेतले. नव्वदच्या दशकाच्या शेवटी ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. त्या काळी गंगापूर रोडवर निवृत्त माणसाला दोनच रस्ते मोकळे असत. एक, सोसायटीचं अध्यक्षपद. दोन, कुलवृत्तांत. अध्यक्षपद शेजारच्यांनी आधीच घेतलं होतं, म्हणून काकांनी आमचं घराणं घेतलं. सगळ्यांना छापील अर्ज गेले. त्यात जन्मतारीख, शिक्षण, रक्तगट आणि 'विशेष कर्तृत्व' असे रकाने होते. मनमाडच्या भावाने विशेष कर्तृत्वासमोर 'अद्याप पकडलो गेलो नाही' असं लिहून पाठवलं आणि काकांनी त्याच्याशी बोलणं बंद केलं.

मे महिन्यात वंशवेलीचा कच्चा नकाशा आमच्या घरी आला. नकाशाच म्हणायला हवा. काकांनी ट्रेसिंग पेपरवर खात्यातल्या पेनने तो काढला होता. वर धरण काढावं तसे पणजोबा, खाली मुख्य कालवा, मग उपकालवे, मग चाऱ्या, आणि अगदी टोकाला आम्ही. सगळ्या शाखा जाड काळ्या रेघांच्या. फक्त आमची शाखा ठिपक्याठिपक्यांची होती. खाली बारीक अक्षरात टीप: 'या शाखेच्या मूळ स्त्रीच्या विवाहाबाबत पुरावा उपलब्ध नाही.'

आत्या तेव्हा पंच्याहत्तरीच्या पुढे होती आणि आमच्याकडे राहत होती. जन्मभर तिने मुलींच्या शाळेत गणित शिकवलं. चष्मा पुसून तिने तो कागद टेबलावर पसरला आणि बराच वेळ पाहिला.

"भूमितीत ठिपक्यांची रेघ कधी काढतात, माहीत आहे ना?" ती मला म्हणाली. "जी रेघ नाही, पण आहे असं समजून चालायचं, तेव्हा."

"पाटबंधारे खात्यात," माझे वडील वर्तमानपत्रामागून म्हणाले, "ठिपके म्हणजे प्रस्तावित कालवा. अजून खणलेला नाही."

आत्याने फोन उचलला.

"अरे, ही रेघ अशी का?"

"कुठली, अक्का?" पलीकडून काका. काका बोलत तेव्हा फोन खोलीभर ऐकू येई.

"माझी."

"पुरावा नाही, अक्का. ग्रंथ आहे तो. त्यात भावनेला जागा नाही."

"मग तुझी रेघ भरीव कशी?"

"माझ्या आजीचा मृत्यू जुन्या दप्तरात आहे. 'अमक्याची बायको' असं स्वच्छ लिहिलंय."

"म्हणजे तुझ्या हिशेबात मेल्याशिवाय बायको सिद्ध होत नाही."

"तुमच्या आजीचं तेही नाही ना, अक्का. त्या काशीयात्रेत गेल्या."

आत्याने फोन ठेवला. मला वाटलं, आता ती काकांवर तोंडसुख घेईल, आणि मी ते ऐकायला खुर्ची पुढे ओढली. पण तिने भलतीच गोष्ट सांगितली. ती आठ वर्षांची असताना काकांच्या घरी मुंज होती. बटूला ओवाळायला घरातल्या सुना-सासवा उठल्या. आत्याची आजीही तबक घेऊन उठली. तेव्हा काकांच्या आईने तिच्या हातातलं तबक हसत हसत काढून घेतलं आणि म्हणाली, "तुम्ही बसा. तुमचं लग्न गावाबाहेर उरकलेलं. आमच्या घरच्यांना पानसुद्धा वाढलं नव्हतं कुणी." आजी बसली. परतताना टांग्यात आत्याने विचारलं, गावाबाहेर म्हणजे काय. आजी टांगेवाल्याशी भाड्याचं बोलू लागली.

"मला ही रेघ भरून हवी," आत्या म्हणाली. "मी आहे तोवर. तू लायब्ररीत काम करतेस ना, मग शोध."

मी कॉलेजच्या लायब्ररीत होते हे खरं, पण माझा अनुभव विद्यार्थ्यांनी पळवलेली पुस्तकं शोधण्याचा. पळवलेल्या बायका शोधण्याचा नव्हे. तरी मला मनातून उकळ्या फुटत होत्या. कचेरीतल्या एका कारकुनाने शंभर वर्षांपूर्वी काहीतरी भानगड करून ठेवली होती आणि ती उकरायला मला घरूनच परवानगी मिळाली होती.

सुरुवात देवघरापासून केली. आमच्याकडे देवांच्या ओळीत चांदीचे दोन छोटे टाक आहेत, बोटाच्या पेराएवढे, त्यावर बायकांच्या आकृत्या. पहिली बायको गेली की दुसरीने तिचा टाक करून पुजायचा, अशी पद्धत होती. सवतीचा राग राहू नये म्हणून. आत्याला आठवत होतं, तिची आजी रोज सकाळी दोन्ही टाकांना आधी कुंकू लावायची आणि मगच स्वतःला.

"ठेवलेल्या बाईच्या हाती सवतींचे टाक कोण देतं?" आत्या म्हणाली.

काकांना हे कळवलं. काका म्हणाले, "ही भावना झाली."

मग मी गावातल्या जुन्या जन्ममृत्यूच्या नोंदी पाहायला गेले. तिथले गृहस्थ फार सज्जन होते. त्यांनी चोपड्या काढून दिल्या, धूळ झटकली, पंखा माझ्याकडे वळवला आणि म्हणाले, "मोडी आहे. आम्हाला येत नाही. आम्ही फक्त सांभाळतो." म्हणून पंचवटीतून एक निवृत्त शिक्षक आणले. मोडी वाचणारा माणूस शहरात त्या वेळी विरळाच, आणि मास्तरांना याची पूर्ण जाणीव होती. ते भिंगातून एक शब्द वाचत, थांबत, माझ्याकडे पाहत, चहाकडे पाहत, आणि मग दुसरा शब्द वाचत. तीन दिवसांत पणजोबांच्या दोन बायकांचे मृत्यू सापडले. एक बाळंतपणात, एक तापाने. नाव दोघींचंही नाही. दोन्हीकडे फक्त 'बायको'.

"नाव का नाही?" मी विचारलं.

"नवऱ्याचं आहे की," मास्तर म्हणाले.

म्हणजे दोन मृत्यू, दोन टाक. हिशेब जुळला. मग काकांच्या 'तीन'मधली तिसरी कुठून आली? काकांनी ती आमच्या घराण्याच्या उपाध्यांच्या वहीत पाहिली होती. हे उपाध्ये रामकुंडाजवळ राहतात आणि पिढ्यान्‌पिढ्या आमची लग्नं, मुंजी, श्राद्धं करून त्यांच्या नोंदी ठेवत आलेत. सध्याचे गुरुजी तरुण होते. मोडी त्यांनाही येत नव्हती, पण वही मात्र त्यांनी लाल फडक्यातून अशी बाहेर काढली, की मास्तरांनी पायातल्या चपला काढल्या.

मास्तर वाचू लागले. पहिलं लग्न, दुसरं लग्न, नावानिशी. एकीचं नाव नदीचं, दुसरीचं फुलाचं. आणि मग:

"तिसरे लग्न. रविवार, सकाळी. गावाबाहेर, ईशान्येस." मास्तर थांबले. चहा आला. "कन्या काश्यप गोत्री. अर्क याची मुलगी, सवितृ याची नात, आदित्य याची पणती."

"आणि मुलीचं नाव?"

"नाही."

त्याच्याखाली, वेगळ्या शाईत, बहुधा पुढच्या एखाद्या कार्याच्या वेळची एक ओळ होती. त्यात 'कुटुंब' असं लिहून आमच्या पणजीचं सासरचं नाव होतं आणि पुढे 'माहेर सटाणे'. लग्नाविषयी अक्षर नाही.

मी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा आत्याचा चेहरा उतरला. काकांचं म्हणणं आता फारच नीट उभं राहत होतं. तिसरी बायको मोठ्या घराण्यातली, वाडवडिलांच्या नावांसकट. ती मेल्याची नोंद नाही, तिचा टाक नाही, म्हणजे ती हयात होती. ती हयात असताना सटाण्याहून आणखी एक बाई घरात आली, जिच्या लग्नाची नोंदच नाही. मग ती कोण?

"त्या मानी असणार," काका फोनवर तिसरीविषयी बोलत होते. "अपमान सहन न होऊन माहेरी निघून गेल्या असणार. तीन पिढ्यांची नावं पाहिलीत? अर्क, सवितृ, आदित्य. सूर्योपासक घराणं आहे. संस्थानिकसुद्धा असू शकेल. लग्न गावाबाहेर का झालं? वऱ्हाड गावात मावेना म्हणून."

आमच्या पणजीचं लग्न गावाबाहेर झालं असेल तर ती लाज, आणि तिसरीचं झालं तर तो थाट. काकांचं इतिहासलेखन असं चाले. त्यांनी तिसरीवर एक अख्खं प्रकरण लिहिलं. शिवाय एका चित्रकला शिक्षकाकडून तिचं काल्पनिक चित्र काढून घेतलं. नाकात नथ, डोक्यावर पदर, मागे उगवता सूर्य, आणि नजर अशी, की माहेरी निघून जायचा निर्णय पक्का झालाय.

पण ती गेली कुठे? हा प्रश्न त्या पावसाळ्यात आमच्या घराण्यातल्या प्रत्येक स्वयंपाकघरात चघळला गेला. काकू म्हणाली, विहीर. माझी आई म्हणाली, कसली विहीर, ती शहाणी असेल तर तिने माहेरी शाळा काढली असेल. मनमाडचा भाऊ म्हणाला, गाडी बदलताना चुकली असेल, आमच्याकडे आजही चुकतात. मी रजेच्या दिवशी मास्तरांना घेऊन पुन्हा दप्तर चाळायला जाई. वीस वर्षांचे मृत्यू पाहिले. हजारो 'बायको' सापडल्या. आमची तिसरी नाही.

आणि आत्याचं मात्र विचित्र काहीतरी होऊ लागलं. ज्या बाईमुळे तिच्या आजीवर बट्टा लागत होता, त्याच बाईची तिला काळजी वाटू लागली. "हिला मूल नाही, टाक नाही, वहीत नावसुद्धा नाही," ती भाजी निवडताना म्हणे. "कुणी एक घास तरी ठेवला असेल का हिच्यासाठी?"

भाद्रपदात अविधवा नवमी आली. नवऱ्याआधी गेलेल्या बायकांच्या नावाने त्या दिवशी सवाष्णी जेवायला बोलावतात. आमच्याकडे दरवर्षी तीन बोलावत. नदीच्या नावाची, फुलाच्या नावाची, आणि आमची पणजी. त्या वर्षी आत्याने वरच्या मजल्यावरच्या बाईंनाही बोलावणं पाठवलं.

"चौथी कुणाची?" आईने विचारलं.

"तिची. तिसरीची."

"ती गेली हे तरी कुठे माहीत आहे?"

"शंभर वर्षं होऊन गेली. आता तरी गेलीच असेल."

"पण नवऱ्याआधी की नंतर?"

"आधीच," आत्या ठामपणे म्हणाली. "मागे राहिली असती तर भांडली असती, आणि ते आपल्या कानावर आलं असतं."

वरच्या बाई जेवल्या. पुरणपोळ्या तीन खाल्ल्या. आत्याने खण-नारळाने त्यांची ओटी भरली, पाया पडली आणि डोळे पुसले. मीही पाया पडले. मला तेव्हा खरंच भरून आलं होतं, हे इथेच कबूल केलेलं बरं. पुढचं कळल्यावर मी ते दहा वर्षं नाकारत होते.

आता सटाणा उरलं होतं. सटाण्याला आत्याच्या आजीचं माहेर, पण आत्याच्या वडिलांच्या पिढीनंतर जाणंयेणं तुटलेलं. आत्या पत्र लिहायला तयार होईना.

"कोणत्या तोंडाने विचारू?" ती म्हणाली. "तुमची मुलगी आमच्याकडे लग्न होऊन आली होती का, असं कुणी कुणाच्या माहेरी विचारतं का?"

शेवटी तिने लिहिलं, पण लग्नाचं काही न लिहिता, नुसतं भेटायला येतो म्हणून. आठ दिवसांत पोस्टकार्ड आलं: 'जरूर या. बाजारपेठेत कुणालाही विचारा. जेवायलाच या.' काकांना सुगावा लागला तसे तेही यायला निघाले. "पुरावा काय मिळतो ते मी स्वतः पाहणार," ते म्हणाले, आणि दिवाळीनंतरच्या एका सकाळी आपली जुनी फियाट घेऊन दारात हजर झाले. मागच्या सीटवर तिसरीचं चित्र होतं, वर्तमानपत्रात गुंडाळून. त्या घराण्याचा सटाण्याच्या बाजूला, बागलाणात, कुणाला पत्ता लागतो का, हेही त्यांना विचारायचं होतं. मी वाटभर चित्र मांडीवर धरून बसले. आत्या पुढे बसली होती. काका तिला सूर्योपासनेची परंपरा सांगत होते आणि ती काच खाली करून वारा घेत होती.

सटाण्याचं घर कांद्याच्या व्यापाऱ्याचं. मागे कांद्याची चाळ, पुढे ओटा, आणि ओट्यावर आबा. आबा म्हणजे आत्याच्या आजीच्या भावाचे नातू, आत्याच्याच वयाचे. त्यांनी आत्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाले, "ताई, हनुवटी आमच्याकडची आहे." झालं. आत्या तिथेच अर्धी विरघळली.

जेवण झालं. आत्या विचारीना. काका खाकरले, मी आत्याला कोपराने ढोसलं, आत्याने मला उलट ढोसलं. शेवटी काकांनीच पुढाकार घेतला. चित्र उलगडून आबांसमोर धरलं आणि तिसऱ्या बायकोची सगळी हकिगत सांगितली. काश्यप गोत्र, अर्काची मुलगी, आदित्याची पणती. "अर्क नावाचं घराणं या बाजूला कुठे होतं का?"

आबांनी चित्र पाहिलं. काकांकडे पाहिलं. मग आत वळून सुनेला म्हणाले, "ती पेटी लई ये वं."

पेटीतून त्यांनी एक घड्या पडलेला कागद काढला. लग्नाची याद. लग्न ठरताना दोन्हीकडच्यांनी कबूल केलेल्या गोष्टी त्यात लिहून ठेवत. मोडीच होती, पण आबांच्या लहानपणी पेढीवर मोडी चालायची, त्यामुळे ते सरळ वाचत गेले. मास्तरांसारखं थांबणं नाही, चहा नाही. आत्याच्या आजीचं माहेरचं नाव, आमच्या पणजोबांचं नाव, मानपान, वऱ्हाड किती आणायचं. आणि मग ते म्हणाले, "हे ऐका. 'आमची कन्या तिसरी म्हणून देणार नाही. वराने आधी अर्काशी लग्न लावून यावे, मग चौथी म्हणून देऊ.'"

काकांच्या हातातलं चित्र कलंडलं, ते आबांच्या सुनेने धरलं.

"तिसरं लग्न टिकत नाही म्हणत ना," आबा म्हणाले. "दोन बायका गेलेल्या. तिसरी कोण देणार? मग आधी झाडाशी लग्न लावायचं. तिसरेपणाचं जे काय व्हायचं ते झाडाचं होईल. नंतर येणारी मुलगी चौथी, ती सुखात राहते."

"अर्क हे घराणं आहे," काका म्हणाले.

"घराणं कसलं. रुई. शनिवारी मारुतीला हार घालता ना, ती."

"पण वहीत बापाचं, आजोबाचं, पणजोबाचं नाव आहे."

"लग्न म्हटलं की मुलीचं कूळ सांगावं लागतं. झाडाला कूळ कुठलं आणणार? मग सूर्याचं देतात. अर्क काय, सवितृ काय, आदित्य काय, सगळा सूर्यच. उपाध्यांचा इलाज नव्हता."

"गावाबाहेर का मग?" काकांचा आवाज एवढासा झाला होता.

"रुई काय माजघरात उगवते?"

आधी मी हसले. मग चित्र हातात धरलेली आबांची सून. आणि मग आत्या, जी मी कधी अशी हसलेली पाहिली नव्हती. पदर तोंडात कोंबून ती म्हणत होती, "अगं, आपण रुईची ओटी भरली गं. पुरण घातलं गं तिला." आबांना नवमीची गोष्ट सांगितली तेव्हा तेही हसून हसून आडवे झाले. फक्त काका बसून होते. चित्रातली तिसरी आणि काका, दोघांची नजर एकाच दिशेला होती.

हसू ओसरल्यावर आत्याने हळूच विचारलं, "म्हणजे माझ्या आजीचं लग्न इथे झालं? रीतसर?"

"याच ओट्यावर," आबा म्हणाले. "मुलीचं लग्न मुलीच्या दारी होणार, त्याची नोंद नाशिकला कशी असेल? चार दिवसांचं लग्न होतं. आमच्या घरात अजून सांगतात. नवऱ्यामुलाच्या पहिल्या बायकोचा मुलगा होता वऱ्हाडात, पाच-सहा वर्षांचा. त्याने एवढी जिलेबी खाल्ली की रात्रभर वैद्य बसवावा लागला. आमच्या पणजीने, म्हणजे नवरीच्या आईने, मांडीवर घेतलं होतं त्याला."

काकांनी मान वर केली.

"ते माझे वडील," ते म्हणाले.

"असतील."

"त्यांनी जन्मभर जिलेबीला हात लावला नाही." काका सावकाश बोलत होते. "लग्नाच्या पंगतीत नाही, दिवाळीत नाही. वास आला तरी उठून जायचे. आई विचारून थकली. त्यांनी कधी सांगितलं नाही."

यादीवरच्या सह्यांपुढे काकांनी कदाचित वाद घातला असता. कागदाचं वय विचारलं असतं, शाई तपासली असती. जिलेबीपुढे त्यांचं काही चाललं नाही. ते उठले, आत्याच्या पायाशी वाकले, आणि म्हणाले, "अक्का, तुमच्या आजीच्या लग्नात आमचं पान वाढलेलं होतं."

"जरा जास्तच," आत्या म्हणाली.

परतीच्या वाटेवर काकांनी देवळा गाव मागे टाकलं. मग म्हणाले, "वंशवेलीत रुईला क्रमांक द्यावा लागेल. विधी झालेला आहे."

"देच," आत्या म्हणाली. "तीन गाळून चार कसा येईल?"

पुस्तक निघायला आणखी दोन वर्षं लागली. त्यात आमची शाखा बाकीच्यांसारखीच जाड काळ्या रेघेने काढलेली आहे. पणजोबांच्या नावाखाली चार लग्नं आहेत आणि तिसऱ्यापुढे लिहिलंय, 'रुई (अर्क), निःसंतान'. सूर्यवंशाचं प्रकरण काकांनी काढून टाकलं, पण चित्र मात्र छापलं. चित्रकला शिक्षकांना शब्द दिला होता, म्हणाले. मनमाडच्या भावाने प्रत हातात पडताच फोन केला आणि विचारलं, या बाईंचा रक्तगट कुठाय?

पुस्तक हाती आल्यावर आत्याने ते एकदा वाचलं, दोन ठिकाणी पेन्सिलने चुका काढल्या आणि कपाटात ठेवून दिलं. मग म्हणाली, "आता रामकुंडावर जायचं. मूळ वहीत आजीच्या लग्नाची दुरुस्ती नको का?"

आम्ही गेलो, काकाही आले. गुरुजींनी वही उघडली आणि विचारलं, काय लिहायचं ते सांगा. आत्या म्हणाली, पेन द्या. गुरुजी जरा घुटमळले. घरातले पुरुष सही करतात, बाकी मजकूर आम्ही लिहितो, असं काहीतरी पुटपुटले. काकांनी स्वतःच्या खिशातलं पेन काढून आत्याच्या हातात दिलं.

ती लिहायला बसली. फळ्यावरचं तिचं अक्षर एके काळी शाळेत प्रसिद्ध होतं. आता वयामुळे ती एकेक अक्षर थांबून काढत होती. दुपारचं ऊन ओट्यावर आलं. मागे बागलाणातून आलेलं एक कुटुंब दर्भ आणि पिंडाचं ताट घेऊन खोळंबलं होतं. त्यांतला एक म्हातारा वाकून वाकून पाहत होता. शेवटी त्याला राहवेना.

"आजी काय रामायण लिखी राहिनी का?" तो गुरुजींना म्हणाला.

आत्याने वहीवरून नजर काढली नाही.

"थांब रे जरा," ती म्हणाली. "सासरचं नाव झालंय. आता माहेरचं लिहितेय."